पलीकडच्याचा वाटा

१

रिठदच्या रामरावांना ‘नाही’ म्हणता येत नसे. हा काही रोग नव्हता, स्वभाव होता. पण कस्तुराबाईला विचाराल तर ती म्हणेल, रोग परवडला, रोगाला गोळी तरी मिळते.

कोणी बैलजोडी मागितली, दिली. कोणी फवारणीचा पंप नेला, आणि इकडे स्वतःच्या तुरीवर अळी पडली तरी तो परत मागायला यांची जीभ रेटेना. एकदा एका पाहुण्याने जेवता जेवता लोणच्याची तारीफ केली, तर हे महाशय बरणीच त्याच्या पिशवीत घालून मोकळे. कस्तुराबाईने कपाळावर हात मारला.

“येखांद्या दिवशी कोनी मले मागतलं, तं मलेबी देऊन टाकसान तुमी!”

“तुले कोन नेते वो?” रामराव हसायचे, आणि ती चुलीकडे तोंड फिरवून हसायची.

याच स्वभावामुळे आजूबाजूच्या पाचपंचवीस गावांत त्यांना मान होता. भावाभावांची वाटणी निघाली की रिठदला निरोप यायचा. वाटणीची रीत जुनीच. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. ज्याने वाटे पाडले त्याने आधी हात लावायचा नाही. म्हणजे पाडणारा आपसूक सारखे पाडतो. पण माणसं ती माणसंच, रीत असून भांडतात. विहिरीवरून अडलं, बांधावरच्या आंब्यावरून अडलं, की रामराव मध्ये बसायचे, दोघांचं ऐकायचे आणि चक्क रडायला लागायचे. धोतराच्या सोग्यात नाक शिंकरून म्हणायचे, “येका ताटात जेवले ना बापा तुमी.” पन्नाशीचा माणूस असा लेकरासारखा रडताना पाहून भावांनाच लाज वाटायची, आणि आंबा कोणाचा हा प्रश्न मिटायचा. किती घरं त्यांनी अशी रडून जोडली असतील, देव जाणे.

साठी उलटली आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांचं डोकं दुखायला लागलं. अकोल्याला नेलं. मोठ्या दवाखान्यात फोटो काढला. कपाळाच्या मागे लिंबाएवढी गाठ.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणारी होती. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, “समोरच्याला काय वाटेल, हो म्हणावं की नाही, आपलं किती आणि त्याचं किती, हे माणूस ठरवतो ना, तेव्हा मेंदूचा हा भाग कामाला लागतो. गाठ काढताना यातला थोडा जाईल. जीव वाचेल, पण स्वभावात फरक पडू शकतो. सही करण्याआधी विचार करा.”

“पडू द्या बाई,” कस्तुराबाई म्हणाली. “‘नाही’ म्हनाले शिकले, तं मी मारोतीले नारळ फोडतो.”

सगळे हसले. नर्स हसली, रामरावही हसले. कस्तुराबाईने त्याच हसण्यात सही केली.

२

ऑपरेशनच्या आधी एक तपासणी होती. सुकेशनी नावाची एक पोरगी ती करायची. रबराची टोपी डोक्यावर चढवायची, तिला पंचवीस-तीस वायरी, आणि प्रत्येक वायरीखाली थंडगार चिकट मलम. रामरावांचे पांढरे दाट केस त्या टोपीच्या भोकांतून वर आले होते. कस्तुराबाईला हसू आवरेना.

सुकेशनीने ताटलीत दहा चॉकलेटं मांडली.

“काका, पलीकडच्या खोलीत एक माणूस बसलाय असं समजा. तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तुम्हाला ओळखत नाही. यातली त्याला किती द्याल आणि तुम्ही किती ठेवाल?”

“उपाशी हाय का तो?”

“ते माहीत नाही.”

“मंग सगळेच देऊन टाक बाई. मले तसीबी साखर हाय.”

सुकेशनीने काहीतरी लिहून घेतलं. टोपी काढून निघताना रामराव दारात थांबले. “आन त्याले म्हना, असा येकटा नोको बसू. काही लागलं तं आमच्या घरी येजो. रिठदले कोनालेबी इचार म्हना, घर दाखोतीन.”

“सांगते हं काका,” सुकेशनी म्हणाली. पोरगी गुणी होती, म्हाताऱ्याचं मन मोडलं नाही तिने.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच खोली, तीच टोपी. आता डोकं तासलेलं होतं आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टाक्यांची रेघ होती. पुन्हा दहा चॉकलेटं मांडली, पुन्हा पलीकडचा माणूस.

रामरावांनी भिंतीकडे पाहिलं. “आजून तिकडंच हाय तो?”

“समजा, आहे.”

त्यांनी पाच डावीकडे केली, पाच उजवीकडे. मग हात मांडीवर ठेवून बसले.

“झालं? मग घ्या काका तुमची.”

“वाटे म्या पाडले,” रामराव म्हणाले. “आधी त्याले उचलू द्या.”

सुकेशनी हसली. “काका, तिथे कोणी नसतं हो. नुसतं समजायचं असतं.”

रामराव हसले नाहीत. ते थांबले. एखादा माणूस उठून, चालत येऊन, वाकून काही घेईल, तितका वेळ थांबले. मग मान हलवली आणि उजवीकडची पाच स्वतःपुढे ओढली.

कस्तुराबाईने डावीकडची पाच पुन्हा मोजली. पण तिने मनाला दटावलं. मेंदूला सुरी लागलेला माणूस तो, रीत आठवली हेच नशीब म्हणायचं. तरीही जाताना तिने पलीकडच्या खोलीत डोकावलंच. आत एक प्लास्टिकची खुर्ची होती, सलाईनचा स्टँड होता आणि कोपऱ्यात झाडू. खुर्ची या भिंतीला अगदी खेटून, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

३

घर साधंच. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मग मधली खोली आणि तिच्या बाजूच्या बोळातून सरळ मागे स्वयंपाकघर. वर स्लॅब. मधल्या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे तिथे दिवसाही अंधारच. सोयाबीनने भरलेले कट्टे, गाद्यांची चवड आणि एक जुनी बाज एवढंच तिथे असायचं.

पहिला महिना कस्तुराबाईला सुखाचा गेला, खोटं कशाला बोलायचं? पंप मागायला गावातला बादल आला, तर रामराव म्हणाले, “नाही.” एवढंच. रागाने नाही, लाजून नाही. बादल तोंडाचा आ करून परत गेला, आणि कस्तुराबाईने त्याच संध्याकाळी मारोतीला नारळ फोडला.

बबनराव आणि त्याच्या भावाची वाटणी आली. रामरावांनी दोघांचं ऐकलं आणि अर्ध्या तासात निकाल दिला. इतका नेमका, की कोणाला बोट ठेवायला जागा नाही. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. दोघे भाऊ वाटा घेऊन उठले आणि एकमेकांकडे न पाहता दोन वाटांनी गेले. “वाटनी बराबर झाली, काकू,” बबनराव चपला घालताना म्हणाला, “पन मनात कसंतरीच होऊन राह्यलं.”

चहाचं मात्र तिच्या लक्षात यायला दिवस लागले. रामराव बशीत चहा ओतून पिणारे. आता ते दुसरी बशी मागायचे. कपातला चहा दोन बशांत सारखा ओतायचे, मान वाकडी करून दोन्हींची पातळी बघायचे आणि थांबायचे. मग एक बशी उचलायचे. कधी डावी, कधी उजवी. भाकरीचंही तसंच. मधोमध मोडायची, दोन्ही तुकडे ताटात समोरासमोर ठेवायचे आणि थांबायचे.

“कोनासाठी ठेवता?” तिने एकदा विचारलं.

“म्या कुठी ठेवलं?” ते म्हणाले. “त्यानं ठेवलं ते मी खातो.”

ती अकोल्याला फोन करणार होती. पण काय सांगायचं? नवरा भाकरीचे दोन तुकडे करतो? डॉक्टरीण म्हणेल, बाई, सगळेच करतात.

उरलेली बशी ती उचलायची तेव्हा तिच्यातला चहा भरलेलाच असायचा. पण त्याला चव नसायची. एकदा तिने ओठाला लावून पाहिला. दूध, पत्ती, आलं, सगळं तिच्याच हातचं होतं, आणि तोंडात नुसतं कोमट पाणी.

४

दिवाळी झाली. शेतातली सोयाबीन निघाली होती, तूर उभी होती, आणि दुपारी गाव शेतात गेलं की घरात इतकी शांतता व्हायची, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायचा.

अशाच एका दुपारी ती स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. रामराव ओट्यावर बसले होते, दाराच्या चौकटीतून त्यांची पाठ आणि नुकते खुंट फुटलेलं डोकं तिला सरळ दिसत होतं. तेव्हा मधल्या खोलीत कोणीतरी नाक शिंकरलं.

कापडात शिंकरलं. आधी लांब, मग आखूड, आणि शेवटी घशातून एक हुंदका. एकेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज. जगात असं नाक एकच माणूस शिंकरायचा, आणि तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर ओट्यावर, हात मांडीवर ठेवून, सरळ बसला होता.

तिने लसूण खाली ठेवला. शेजारच्यांचा टीव्ही असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण शेजारचे शेतात गेले होते. मग बीपीची गोळी राहिली असेल, कान वाजत असतील. ती उठली आणि मधल्या खोलीच्या दारात उभी राहिली. कट्टे होते, गाद्या होत्या, बाज होती. बाजेची सुंभाची वीण मधोमध खाली गेलेली होती. ती तशी नेहमीच असते का, हे तिला काही केल्या आठवेना.

त्या दिवसापासून आवाज येत राहिला. रोज नाही. पण ज्या दिवशी रामराव कोणाला ‘नाही’ म्हणायचे, त्या दिवशी हमखास. बाहेर ओट्यावर रामरावांचा सपाट आवाज, “नाही, जमनार नाही,” आणि आत, अंधारात, कोणीतरी तोंडावर कापड दाबून रडायचं. बाहेरचा आवाज बोलण्याआधी किंचित थांबायचा. आतलं रडणं ऐकायचा. आणि मग बरोबर त्याच्या उलट बोलायचा.

तिला भीती वाटायची हे खरं. पण भीतीपेक्षा जास्त काहीतरी वाटायचं, आणि ते सांगायची तिला लाज वाटे. दुपारी ती मधल्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून बसायला लागली. हातात निवडायला डाळ घ्यायची, पण निवडायची नाही. नुसती बसायची. त्या रडण्याची तिला आठवण यायची, म्हणून बसायची.

५

राखीचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

राखी त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, सासर धनजला. नवरा हात उचलतो हे आईला ठाऊक होतं, बापाला ठाऊक नव्हतं. मागे आई म्हणाली होती, सांगते त्यांना. तर राखीच म्हणाली, नोको, बाबा रडतीन, आन मले पाह्यवनार नाही.

आज तिचा आवाज फाटका होता. “आई, आता नाही होत माह्याच्यानं. काल त्यानं पाटा उचलला होता. मी येऊन राह्यली. कायमची. बाबाले इचार.”

“बाबाले काय इचाराचं? घर हाय तुहं. ये.”

“तरी इचार. त्याइच्या तोंडून ‘ये’ आलं, का मले बळ येते.”

कस्तुराबाई फोन ठेवून ओट्यावर गेली. तिने सगळं सांगितलं. पाट्याचंही सांगितलं. सांगता सांगता तीच रडली.

रामरावांनी ऐकून घेतलं. मग मान किंचित मागे, मधल्या खोलीकडे वळवली आणि थांबले.

आतून आवाज आला. हे रडणं नव्हतं. शब्द होता. “येऊ दे,” असं कोणीतरी म्हणालं. “येऊ दे वो तिले. माय माही. येऊ दे.”

कस्तुराबाई धावली. दार लोटलेलं होतं, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिने फटीला डोळा लावला.

बाजेवर कोणीतरी बसलं होतं, भिंतीकडे तोंड करून. अंधारात सदऱ्याची पांढरी पाठ दिसली. खांदे हलत होते. आणि वर डोकं. पांढरे, दाट, मानेवर उतरलेले केस. ऑपरेशनआधीच्या दिवाळीला तिने स्वतः तेल लावून चोळले होते ते केस. त्यात कुठे टाका नव्हता, कुठे रेघ नव्हती.

मागे ओट्यावरून रामरावांचा आवाज आला. “तिले सांग, नोको येऊ.”

बाजेवरचा माणूस तोंड फिरवायला लागला. आणि कस्तुराबाईने, जिला तो चेहरा पाहण्यासाठी जीव टाकावासा वाटत होता, तिने डोळे मिटून घेतले. का मिटले, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. उघडले तेव्हा बाज रिकामी होती.

६

तिने राखीला फोन केला नाही. ‘नको येऊ’ म्हणायला तिला तोंड नव्हतं. आणि मनात वेडी आशा होती, लेक समोर उभी राहिली की काही तरी हलेल.

राखी दुपारी दोनच्या एसटीने आली. हातात एक पिशवी, डोळ्याखाली काळंनिळं. ओट्याच्या पायरीपाशी थांबली.

“बाबा.”

रामरावांनी वर पाहिलं. तिच्या डोळ्याखालचा डाग नीट न्याहाळला. “हे काल झालं?”

“हाव.”

“पोलिसात तक्रार दे. दवाखान्याचा कागद घे. वासिमले वकील पाहू, मी नाव सांगतो. पन घरात नाही.”

“काहून, बाबा?”

“नाही जमत.”

सगळं बरोबर होतं. तक्रार बरोबर, कागद बरोबर, वकील बरोबर. राखी बापाकडे पाहत राहिली. त्याच्या ओठांचा कोपरा थरथरेल म्हणून वाट पाहत राहिली, लहानपणापासून पाहिलं होतं तिने ते. मग तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“मी जातो, आई.”

“कुठीच नाही जाचं!” कस्तुराबाईने तिचा दंड धरला. “हे घर माहंबी हाय. चाल आत.”

“नाही आई. ज्या घरी बाबा नाही म्हनतात, त्या घरात मी पान्याचा घोटबी नाही घेनार.” राखीने दंड सोडवून घेतला. हट्टाला ती आईवर गेली होती. वळली आणि फाट्याकडे चालायला लागली.

कस्तुराबाई नवऱ्यावर फिरली. एकेचाळीस वर्षांत ती त्यांच्यावर अशी कधी ओरडली नव्हती. “तुमची लेक हाय ते! तुमच्या पोटची! कसे झाले हो तुमी?”

“लेक हाय,” रामराव म्हणाले. ते समजावून सांगत होते. वाटणीला आलेल्या भावांना समजावत, तसं. “पन माह्या वाट्याले नाही आली. वाटे म्या पाडले. येकात रडनं, हसनं, लोकाची माया आन राखी. दुसऱ्यात घर, वावर आन तू. बराबर पाडले, तू कोनालेबी दाखव. आधी त्यानं उचलला. त्यानं तो उचलला.”

“कोनं?”

 रामरावांना प्रश्नच कळला नसावा.

ती तिथे उभी राहिली नाही. लेकीबरोबर जायचं, बस. आत पळाली, दोन लुगडी आणि बीपीच्या गोळ्या पिशवीत कोंबल्या. स्वयंपाकघरात ती फडताळातून पैसे काढत होती, तेवढ्यात मधल्या खोलीचं दार करकरलं. अनवाणी पावलं बैठकीतून गेली. घाईची पावलं, म्हाताऱ्या माणसाची, एक पाय किंचित ओढत. ओट्यावरून उतरली आणि फाट्याच्या रस्त्याला लागली. ती बाहेर आली तेव्हा रामराव जागच्या जागी बसलेले होते. रस्ता रिकामा होता.

गुडघ्यांनी तिचा घात केला. ती फाट्यावर पोचली तेव्हा वाशिमची गाडी निघून गेली होती, आणि धूळ खाली बसत होती.

७

ती घरी परतली. मधल्या खोलीत शिरली, दिवा लावला, बाजेवर बसली. सुंभ ताणलेलं होतं. कट्ट्यांवर धूळ होती. खोली नुसती खोली होती. तिने कान दिला, कितीतरी वेळ दिला. कुठे काही नाही.

साडेचारला फोन वाजला.

“आई, नोको वो रडू.” राखीचा आवाज वेगळा होता. मोकळा होता. पाठीमागे गाडीचा आवाज. “गाडी आसेगाव फाट्यावर खराब झाली होती, दुसरी यायले येळ लागला. आता वासिमले पोचतोच. म्या रागात बोलून गेली. पन बाबा आले ना मागून धावत.”

कस्तुराबाईने ओट्याकडे पाहिलं. रामराव बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर.

“काय म्हंतलं?”

“गाडी सुटता सुटता चढले. अनवानी. माह्याजवळ बसले तवापासून हात धरून बसले हायेत. लेकरावानी रडून राह्यले. म्हंते, चुकलं बाई माहं, मी तिथं नोतो. आता वासिमले खोली पाहू म्हंते. मी तुह्यासंगच राहीन म्हंते.” राखी हसली, रडत हसली. “मले वाटलं होतं, आपरेशननं बाबा गेलेच आपले. पन तसेच्या तसे हायेत, आई. घे, बोल त्याइच्यासंग.”

फोन हातातून हातात गेला. खरखर झाली. आणि मग ते रडणं. कानाच्या इतकं जवळ, की तिला त्याची ऊब लागली.

“आवो,” ती म्हणाली.

रडणं थांबलं. पलीकडे कोणीतरी श्वास धरून ऐकत होतं.

तिला किती बोलायचं होतं. मलाही न्या, म्हणायचं होतं. तुम्ही तेच ना, विचारायचं होतं; आणि जर तेच नसाल, त्या अकोल्याच्या भिंतीपलीकडून कोणी आला असाल आमच्या घराचा पत्ता विचारत, तर माझ्या लेकीचा हात सोडा, हेही म्हणायचं होतं. एक शब्द राखीला सांगितला असता, की बाई, तुझा बाप माझ्या समोर ओट्यावर बसला आहे, तर पोरगी गाडीतून उडी मारून उतरली असती. आणि मग? मग वाशिमच्या स्टँडवर, डोळ्याखाली डाग घेऊन, एकटी. जगात कोणाला तिच्यासाठी रडू येत नाही हे समजून.

“आई?” राखीचा आवाज परत आला. “बोलली नाही तू काही?”

“काय बोलू?” कस्तुराबाई म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं, आवाज सरळ केला. “स्टँडवर उतरल्या उतरल्या त्याइले पोटभर जेवू घालजो. आन हात नोको सोडू त्याइचा. गर्दी असते.”

“नाही सोडत.”

फोन बंद झाला. कस्तुराबाईने पिशवीतली लुगडी काढून पुन्हा घडी करून ठेवली. मग ओट्यावर जाऊन नवऱ्याच्या शेजारी बसली. लग्नाचा नवरा होता, पाच वाजता त्याला औषध द्यायचं होतं, दुसरं कोणी देणारं नव्हतं. इथवर तिने धरून ठेवलं होतं. आता तिला इतकं रडू आलं की वरचा श्वास वर आणि खालचा खाली राहिला. रस्त्याने जाणाऱ्या बाया थांबून पाहायला लागल्या.

रामरावही पाहत होते. हात पुढे करावा की नाही असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं, कारण उजवा हात मांडीवरून दोन बोटं वर उचलला गेला आणि पुन्हा खाली गेला.

“काहून रडून राह्यली?” त्यांनी विचारलं.

 त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.